डावीकडचं तुम्ही सांगा

धाकटीचं पत्र आलं ते मी दारात उभ्यानेच वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि संध्याकाळी निवांत उत्तर लिहू असं ठरवलं. तशी निवांत संध्याकाळ मग आलीच नाही. झाडांची पानं गळली, नवी फुटली. शब्दकोश मला रोज लागतो. पत्र हाताला लागलं की मी शब्द न बघताच तो मिटत होतो. त्या काळात मी काही शब्द नुसत्या अंदाजाने वापरले आहेत.

धाकटी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. ऐकू येईनासं झाल्यापासून ती फोन घेत नाही, जे असेल ते कागदावर. पत्र थोडक्यात होतं. “भाऊजी, ऑपरेशननंतर ताई शुद्धीवर आली, पण बोलली नाही. मी पोचले तेव्हा माझा हात धरून ठेवायची, एवढंच. तिचा शेवटचा धड दिवस तुमच्याकडे आहे, त्या सायकलवरचा. म्हणून विचारते. त्या दिवशी ती सुखात होती का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. तसं बोलणारे इथे पुष्कळ आहेत.”

‘हो, होती’ असं लिहून मोकळं व्हायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर झाला असता. मी पहिल्या मसुद्यात ‘अतिशय’ हा शब्द घातला आणि खोडला. दुसऱ्यात मावळतीचं आकाश आलं. माझ्या लिहिण्यात आकाश आलं की मला कळतं, आता मी थापा मारायला लागलो. तिसरा मसुदा इतका सुरेख उतरला की तो मी फाडून टाकला.

खरी अडचण अशी होती की धाकटी ज्या तासांबद्दल विचारत होती, त्या तासांत मी बायकोचं तोंडच पाहिलं नव्हतं.

आमची सायकल दोघांची होती. एक सांगाडा, दोन सीटं, दोन हँडलं. ब्रेक, गिअर आणि दिशा सगळं पुढच्याच्या हातात, मागचं हँडल नुसतं धरून बसायला. दोघांची पायडलं एका साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरतातच, त्याच्या मनात असो वा नसो. संसाराचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही, असं मी एकदा चढावर म्हणालो होतो. बायको म्हणाली, “बोलू नका, दम वाचवा.”

ती पुढे बसायची, मी मागे. यावर आमच्यात कधी चर्चा झाल्याचं आठवत नाही. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची, मी वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायचो. कोण पुढे बसणार हे सायकललाही कळलं असतं. निवृत्त झाल्यावर दरवर्षी आम्ही तीन-चार आठवडे लांब निघायचो, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला. मला समोर तिची पाठ दिसायची. तिच्या सीटच्या मागे नकाशासाठी एक पारदर्शक पिशवी होती, तिच्यात मी नकाशावर एखादं बारीक पुस्तक ठेवायचो. ते तिला कळायचं. “पान उलटलंत,” ती समोर बघूनच म्हणायची, “आता पायही फिरवा.”

मागच्याला रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने सगळं ओरडून सांगायचं असतं. “खड्डा!” म्हटलं की मागचा सीटवरून जरासा उठतो आणि कंबर वाचते. “सोडा!” म्हणजे पाय थांबवा, “मारा!” म्हणजे फिरवा. मागच्याने दरवेळी “हं” म्हणायचं. इतक्या वर्षांत तिने एकही खड्डा सांगायचा राहू दिला नसेल. शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो, शेजारून जाणारे सायकलवालेसुद्धा सीटवरून उठायचे.

त्या दिवशी सकाळी आम्ही एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होतो. खाली शिवणयंत्र सुरू झालं की आमच्या पलंगाचे पाय थरथरायचे. बायको सामान भरत होती आणि मी आरशासमोर दाढी करत होतो. माझ्या पिशवीच्या तळाशी, पावसाळी डगल्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक तिच्या हाताला लागलं. या वेळी जाड पुस्तक आणायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

तिने ते तळहातावर तोललं. “आज घाट आहे. हे महाशय पायडल मारणार आहेत का?”

“फक्त शेवटचा भाग राहिलाय,” मी म्हणालो.

“मग तेवढाच फाडून आणायचा.”

मी साबणाच्या तोंडाने काहीतरी पुटपुटलो. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, मान तिरकी करून, मग तिने पुस्तक पुन्हा पिशवीत कोंबलं. ते बघणं मला लागलं. मला बोलणी सहन होतात, बघणं होत नाही.

गावाबाहेर पडल्यावर पहिला खड्डा आला आणि ती काही बोलली नाही. माझे दात एकमेकांवर आपटले. मला वाटलं, राहिलं असेल. थोड्या वेळाने दुसरा. मग रस्त्याची तुटलेली कड आली, तिच्यावरून चाक उतरलं आणि पुन्हा चढलं. मग दगड. ती गप्प. मध्येच एखादा खड्डा मात्र बरोबर सांगायची, आणि त्यामुळे माझी खात्रीच पटली. ज्या अर्थी काही सांगते त्या अर्थी बाकीचे मुद्दाम गाळते. रागावली आहे. पुस्तकाची शिक्षा कमरेला चालली आहे.

मी काय करावं? माझ्यासारखी माणसं विचारत नाहीत. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत राहिलो. सगळे न सांगितलेले खड्डे डाव्या बाजूचे होते, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तर जन्मभर याच कामाचा माणूस, हे इकडचं, ते तिकडचं. पण मी तिच्या पाठीत राग वाचत होतो, आणि एकदा अर्थ लावला की मला मजकूर दिसत नाही.

पुढच्या गावात बाजाराच्या रस्त्यावर डावीकडे एक दुधाची गाडी उभी होती. आमची डावी पिशवी तिच्या आरशाला घासली, आरसा वळला, सायकल डगमगली आणि आम्ही दोघांनी पाय टेकले. गाडीवाला खाली उतरला.

“काकू, डोळे घरी ठेवून आलात काय?”

एरवी हे वाक्य त्याला महागात पडलं असतं. तिने त्याला रस्त्याच्या मधोमध उभं करून रस्त्याचे नियम म्हणायला लावले असते. पण ती एवढंच म्हणाली, “चूक झाली हो,” आणि आरसा हाताने सरळ करायला गेली, तर तिचा हात आरशाच्या अलीकडेच पडला. गाडीवालाच ओशाळला. “राहू द्या, राहू द्या. काका, जरा बघा तुम्ही,” म्हणाला.

मी काय बघितलं? की माझ्यावरचा राग इतका मोठा आहे की दुसऱ्याशी भांडायलाही तिच्यात तो उरलेला नाही.

घाटाच्या पायथ्याशी एक खानावळ होती. लांबट खोली, पत्र्याची टेबलं, भिंतीला टेकवलेल्या दोन शिड्या. मालकीणबाई एकट्याच वाढत होत्या आणि स्वयंपाकघरातून गिऱ्हाइकांशी ओरडून बोलत होत्या. आम्ही समोरासमोर बसलो. ताटात एका बाजूला भात आणि अंडं, दुसऱ्या बाजूला बटाटे आणि वाटाणे. बायकोने भात संपवला, अंडं संपवलं आणि चमचा खाली ठेवला. बटाट्यांना हातही लावला नाही. बटाटे तिला फार आवडायचे.

आता माझ्याच्याने राहवेना. “अगं, ऐक,” मी म्हणालो, “पुस्तक मी इथे ठेवून जातो. या बाई ठेवतील.”

“कुठलं पुस्तक?” ती म्हणाली.

तेवढ्यात मालकीणबाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या. “काय हो ताई, बटाट्यांनी काय घोडं मारलंय?”

“कुठले बटाटे?”

“हे काय, समोर!” आणि त्यांनी ताट धरून सरळ उलटं फिरवलं.

बायको ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अगं बाई, हे कुठून आले?” आणि हसली. मालकीणबाईही हसल्या आणि आत गेल्या. बायकोने चमचा उचलला, एक बटाटा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा तिच्या चमच्यावर तसाच राहिला.

मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी पटकन ओळखल्या आहेत. ही ओळखली. माझा हात मी टेबलावरून तिच्या डाव्या बाजूला नेला आणि बोटं हलवली. ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. मी हात हळूहळू मधे आणला. नाकाच्या जरा अलीकडे आल्यावर ती दचकली.

“असं नका करू,” ती म्हणाली. “वेताळासारखा येतो हात.”

“केव्हापासून?”

“सकाळी तुम्ही दाढी करत होता ना? तुमचा एक गालच नव्हता. मला वाटलं, साबण असेल.” तिने चमचा ठेवला. “मग तोंड पुसलंत, तरी नव्हता.”

“आणि तू सायकल चालवलीस!”

“म्हटलं, जाईल. डोळ्यात झोप असेल.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “घाबरले होते हो. बोलले असते तर खरं झालं असतं.”

मालकीणबाईंना सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, मोठा दवाखाना घाट उतरल्यावर पलीकडच्या शहरात. मागे फिरलात तर काही नाही, एक दात उपटणारा आहे. त्यांच्या भावाचा भाजीचा ट्रक अंधार पडताना जातो, त्यात दोघं बसा, सायकल वर टाका. सरळ सांगत होत्या त्या. मी हो म्हणणार, एवढ्यात बायको म्हणाली, “अंधार पडेपर्यंत इथे बसून मी काय करू? अर्ध्या भिंतीकडे बघत बसू? आम्ही त्याआधी पोचू.”

“ताई, पण चालवणार कोण?”

बायकोने माझ्याकडे बोट केलं. मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बरोबरच होतं.

“मला नाही जमणार,” मी म्हणालो.

“मलाही आता जमत नाही. तुम्हाला निदान दिसतं तरी.”

मालकीणबाईंनी पाना आणून दिला. मी सीटं वरखाली केली. बोल्ट मात्र तिनेच चाचपून आवळले. पुढे बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं, समोर काहीच नसतं. पाठ नाही, पिशवी नाही, नुसता रस्ता अंगावर येतो. निघताना सायकल अशी वाकडीतिकडी गेली की मालकीणबाई दारातून ओरडल्या, “जपून हो काका!” आणि मग हळूच काहीतरी म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही.

पहिल्याच वळणावर चाक खड्ड्यात गेलं. मागून आवाज आला, “खड्डा कोण सांगणार?”

“राहिला.”

“मागच्याला कसं वाटतं ते आज कळतंय मला.”

मग मी सांगून टाकलं. “मला सकाळपासून वाटत होतं, तू रागावून सांगत नाहीस.”

तिच्या हसण्याने सांगाडा हलायला लागला, माझ्या तळहातांना ते कळलं. “अहो, मी रागावले तर पुस्तक फेकेन. नवरा खड्ड्यात कशाला घालीन?” आणि मग हसू थांबल्यावर, “एवढं वाटलं तर विचारायचं नाही का? दोन तास कंबर ठेचून घेतलीत!”

त्यानंतर मी काही म्हणजे काही सोडलं नाही. खडी! वाळू! फांदी! शेण! पान! “अहो, पानसुद्धा?” ती म्हणाली. “सगळा रस्ताच वाचून दाखवणार का?” चढ मोठा होता. आम्ही पुष्कळदा उतरून ढकललं, पुन्हा चढलो. ढकलताना ती सायकलच्या डाव्या बाजूने चालली, म्हणजे सायकल आणि मी तिच्या उजव्या हाताला, दिसणाऱ्या बाजूला यावेत. तिचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा ती थांबली, उभी राहिली, डोकं हँडलवर टेकलं. मी विचारलं, “दुखतंय?” ती म्हणाली, “चला.” ते ‘नाही’ नव्हतं. हे धाकटीला लिहायचं की नाही, यावर मी किती दिवस घालवले असतील.

माथ्यावर आम्ही पाणी प्यालो आणि लगेच निघालो, कारण माझी हिंमत थांबली की थांबतेच. उतार लांबलचक होता. पुढच्याने उतारावर मागे वळून बघायचं नसतं, मान वळली की हँडल वळतं. म्हणून त्या सगळ्या उतारावर मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. हाच तो वेळ, ज्याबद्दल धाकटी विचारते आहे.

“काय दिसतंय?” मी समोर बघून विचारलं.

“उजवीकडे पाणी आहे. धरण असेल. दोन नावा. एकीत माणूस झोपलाय. मागून एवढं सगळं दिसतं? आणि इतकी वर्षं तुम्ही वाचत होता?” मग म्हणाली, “डावीकडचं तुम्ही सांगा.”

मी डावीकडे नजर टाकली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. “झाडं आहेत.”

“कसली?”

“हिरवी.”

“हिरवी! अख्खं वाचनालय वाचून हिरवी!”

मी खरंच प्रयत्न केला. म्हटलं, उंच आहेत, सरळ आहेत, खाली सावली आहे. एक घर आहे, छपरावर भोपळे ठेवलेत. कुंपणावर कपडे वाळत घातलेत, एक पायजमा आहे, त्याचा एक पाय उलटा राहिलाय. पायजमा तिला आवडला. “आणखी सांगा,” म्हणाली. मी सांगत राहिलो. मला वाटतं, आयुष्यात मी सलग इतकं कधी बोललो नव्हतो. डोळे रस्त्यावर, मधेच क्षणभर डावीकडे, पुन्हा रस्त्यावर. ती कुठे ‘हं’ म्हणायची, कुठे नाही.

 आम्ही दोघांनी पाय थांबवलेले होते, सायकल आपसूक चालली होती. आणि एकाएकी माझे पाय उलटे फिरायला लागले. ती मागून पायडल उलटं फिरवत होती. उतारावर तसं केलं तर काही होत नाही, नुसता टरटर आवाज येतो. शाळेतल्या मुली करतात. तिने स्वतः पुढे असताना मला असं कधी करू दिलं नव्हतं.

“सोड ना,” मी म्हणालो, “माझा तोल जातोय.”

तिने सोडलं नाही. खूप वेळ, पार खालच्या पुलापर्यंत, माझे पाय तिच्या पायांबरोबर उलटे फिरत राहिले. ती हसत होती की रडत होती, मला माहीत नाही. वारा कानात होता. सांगाडा हलत होता, पण रस्ताही खडबडीत होता.

उजेड असतानाच आम्ही दवाखान्यात पोचलो. पुढचं धाकटीला माहीत आहे. डोक्यातली गाठ मोठी होती, ऑपरेशन लगेच झालं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

परवा धाकटीच्या मुलीचा फोन आला. काहीतरी इकडचं तिकडचं बोलली, जेवता का, चालायला जाता का. मग म्हणाली, “काका, आई मला काही बोलत नाही. पण पोस्टमनची वेळ झाली की जिना उतरून खाली जाते. रोज. गुडघे धरून वर येते. मी विचारलं तर म्हणते, पाय मोकळे करते.”

मी म्हटलं, “बरं.”

“तुम्ही लिहिणार नसाल तर तसं सांगा काका. मी तिला सांगेन. पण हे असं नको.”

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. मी खात्रीची वाट बघत होतो, आणि ती येणार नव्हती. ज्याने तोंड बघितलं नाही त्याला ती कुठून येणार? पण धाकटीने माझी खात्री मागितली नव्हती, दिवस मागितला होता. तिला आज तो जिना चढायचा होता.

मी लिहिलं की ती घाबरलेली होती, सकाळपासून, आणि मला ते कळलं नाही. बटाट्यांचं लिहिलं. चढावर ती डोकं टेकून उभी राहिली, तेही लिहिलं. पायजम्याचं लिहिलं. उतारावर तिने काय केलं ते लिहिलं, आणि पुढे असं: “सुखात होती असं मी म्हणू शकत नाही, कारण मी पुढे होतो. पण थांब म्हटलं तरी ती थांबत नव्हती. ज्याला थांबायचं नसतं त्याचे पाय कसे लागतात ते मला माहीत आहे, मी तिच्या मागे पुष्कळ वर्षं बसलो आहे. एवढ्यावरून तू काय ते ठरव. माझ्याकडे याहून जास्त नाही.” आकाश कुठे आलेलं नाही ना, हे एकदा तपासलं.

पोस्ट आमच्या घरापासून लांब नाही. पेटीपाशी गेलो आणि पाकीट फटीत अर्धं घालून उभा राहिलो. ‘लागतात’ बरोबर आहे की ‘जाणवतात’ हवं होतं, असं मनात आलं. पाकीट पुन्हा बाहेर काढावंसं वाटलं.

मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या, हातात त्यांचं पत्र. “आजोबा, टाकताय ना?”

“हो हो,” मी म्हणालो, आणि टाकलं.